झर्णाच्या हाताचं अक्षर

नितायकाकांनी झर्णाला निवडणुकीच्या भिंती लिहायला शिकवलं आणि ते गेले, त्याला चार वर्षं झाली. तरी बंगालमधल्या त्या राणाघाटात तिची भिंत दिसली की माणसं म्हणत, "वा, अगदी नितायबाबूंचा हात." झर्णाला त्या कौतुकाचा वीट आला होता. चाळिशी उलटली बाईची, आणि अक्षर अजून दुसऱ्याचंच.

यंदा तिने ठरवलं, काय व्हायचं ते होवो. दोन महिने रद्दीवर गिरवून गिरवून तिने आपलं अक्षर घडवलं. काकांचं ताठ, बुटकं, गच्च भरलेलं. हिचं उंच, जरा पुढे झुकलेलं, शिरोरेषा शेवटाला हलकेच उचललेली. मासळीबाजाराजवळची भिंत, ती ज्याच्यासाठी लिहायची त्या पक्षाने वर्षभर आधीच नाव टाकून अडवली होती. तिच्यावर तिने उमेदवाराचं नाव लिहिलं, मागे सरकून पाहिलं आणि तिला भरून आलं. विरोधी पक्षाच्या भिंती लिहिणारा हाराधन मासळी घ्यायला आला होता, तोही बराच वेळ बघत उभा राहिला.

सकाळी पक्षाचा परेश आला.

"झर्णादी, हे काय लिहिलंय?"

"नाव. चुकलंय का?"

"नाव बरोबर आहे हो. पण आपलं वाटत नाही. लोक लांबून अक्षरावरून ओळखतात, भिंत कुणाची ते. चुना मारा आणि काकांसारखं लिहा."

"काका गेले, परेश."

"म्हणून तर तुम्हाला बोलावतो ना."

झर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करते काय, भिंत पक्षाची. तिने चुना कालवला. एका हातात अक्षर झाकेना, मेलं आतून दिसतच राहिलं. दुसरा हात द्यावा लागला. वर तेच ताठ, बुटकं नाव लिहून ती घरी गेली.

आठवड्याने परेश तिला घाईघाईने रेल्वेफाटकापाशी घेऊन गेला. तिथे हाराधनने विरोधी पक्षाची भिंत लिहिली होती. उंच, झुकलेली, शेवटाला उचललेली अक्षरं. शिडीवरच्या हाराधनने तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"बघा, याला म्हणतात अक्षर," परेश म्हणाला. "ओळखबिळख गेली खड्ड्यात, लोक थांबून वाचतायत. उद्यापासून आपल्या भिंती अशाच हव्यात."

"हे माझं आहे. तू पुसायला लावलंस ते."

"असेल, असेल," परेश हसला. "तरी नीट बघून घ्या. दुसऱ्याचं उतरवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."