पन्हळीचं खालचं तोंड

मी पन्हळ बोलतेय. बांबूची, दोन तोंडांची. दोन तोंडं असूनही मी आजवर कोणाची चहाडी केली नाही. बोलणाऱ्यांनी बोलावं आणि मी ते आत ठेवून घ्यावं, एवढंच मला येतं.

चारठाण्याजवळच्या एका गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्यांचं संग्रहालय केलंय. तिथं मी भिंतीला तिरकी टांगलेली आहे. वरचं तोंड उभ्या माणसाच्या खांद्याशी, खालचं गुडघ्याशी. शेजारी निजामाच्या काळातलं एक कुलूप आणि एक जातं आहे. ती दोघं मुकी आहेत. सुखी आहेत बिचारी.

मला एका बुरडानं केलं. तापलेल्या सळईनं माझ्या आतल्या गाठी फोडताना त्यानं विहिरीच्या मालकाला विचारलं होतं, "लांबी किती ठेवू?" मालक म्हणाला, "त्यांची सावली विहिरीवर पडू नये एवढी." बुरडानं उन्हात उभं राहून स्वतःची सावली मोजली आणि मला तेवढीच तोडली.

मग मला विहिरीच्या कठड्यावरून कुंपणाबाहेर बसवलं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बाया खालच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारायच्या, "वाढा व माय, पाणी वाढा." मग वरून कोणीतरी बादली ओतायचं. कधी लगेच, कधी घरातली जेवणं उरकल्यावर. देणाऱ्याला पुण्य लागायचं, मागणाऱ्याला ऊन.

बांबू पोकळ असतो. त्या हाका माझ्यात शिरल्या त्या बाहेर पडल्याच नाहीत. त्यातली एक हाक एका पोरीची होती. एका दुपारी ती पुन्हा पुन्हा आली आणि मग बंद झाली. माणसाची बंद झाली, माझ्यातली नाही.

पुढं विहीर आटली, नळ आले. मला कधीच चुलीत घालायला हवं होतं. पण मालकाची सून, सुमंगलाबाई, मला हात लावू देईना. जेवताना ताटावरून उठायची, "कोणीतरी पाणी मागतंय," म्हणायची आणि माझ्या वरच्या तोंडात तांब्या ओतायची. पाणी खाली मातीत सांडायचं. मग ती तिथंच बसून म्हणायची, "घेत नाही गं ती. माझ्या हातचं घेत नाही." घरातल्यांना वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय. तिच्या मुलाला, अनंतरावांना, मात्र तसं वाटत नव्हतं. तेही ती हाक ऐकत होते.

अनंतराव शाळेत गुरुजी होते. आई गेल्यावर त्यांनी मला संग्रहालयात देऊन टाकलं. हाक घराबाहेर गेली म्हणजे सुटलो, असं त्यांना वाटलं असावं. पाटीवर लिहायला त्यांनीच सांगितलं, "मोटेच्या पाण्याची पन्हळ. शेतीचं जुनं साधन."

संग्रहालय रोहिणी नावाची मुलगी चालवते. तिची रीत मला आवडली. पाटी लावली की ती मोकळी होत नाही. दर रविवारी आसपासच्या गावची माणसं बोलावते आणि म्हणते, "ही वस्तू तुम्हाला कशी माहीत आहे, ते सांगा." शाळेची पोरं माझ्या खालच्या तोंडाला कान लावायची आणि दचकून मागं सरायची. एकदा रोहिणीनंही कान लावला. तेव्हापासून ती माझ्याकडं पाठ करून बसत नाही.

अशाच एका रविवारी सुलाबाई आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, हातात काठी, सोबत नातू सिद्धोधन. अनंतरावही त्या दिवशी खुर्चीवर बसलेले होते. सुलाबाईंनी नातवाला माझी पाटी वाचायला लावली.

"मोटंची?" त्या हसल्या. ते हसणं बरं नव्हतं. "माजी थोरली बहीण सरजा, ती ह्या पन्हळीच्या तोंडाशी मेली. निजामाचं राज गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या पुढल्या उन्हाळ्यात. समदं गाव म्हनलं, इहिरीला हात लावला म्हनून मेली. माजी माय मरंस्तोवर मान खाली घालून जगली. गुरुजी, तुमी घरात व्हता त्या दिवशी. काय झालं ते एकडाव सांगा."

"आजी, लावला असता तरी काय बिघडलं असतं?" सिद्धोधन चिडून म्हणाला. "हे जाळून टाकायला पाहिजे."

"लावला असता तर जगली असती रे," सुलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात माझ्या खालच्या तोंडातून बारीक आवाज आला, "वाढा व माय."

सगळ्यांनी ऐकला. अनंतराव खुर्चीतून अर्धवट उठले, त्यांची आई ताटावरून उठायची तसे.

"आई सोवळ्यात पोथीला बसली होती," ते म्हणाले. "अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही, मधी बोलायचं नाही. हाक ऐकून मी उठलो, तर तिनं हातानंच खूण केली, बस. मी बसलो. अध्याय लय मोठा होता. हाका यायल्या होत्या. मग बारीक झाल्या, मग थांबल्या. आईनं पोथी बांधली, नमस्कार केला अन् मग पाणी घेऊन धावली." ते सुलाबाईंकडं वळले. "दोर कोरडा होता, सुलाबाई. बादली पालथी होती. तुमच्या बहिणीनं कशालाच हात लावला नव्हता. ते गावानं उठवलं, अन् आमच्या घरानं उठू दिलं."

सुलाबाई मोठ्यानं रडल्या. आई मेल्यावरही त्या इतक्या रडल्या नसतील. मग पदरानं तोंड पुसून रोहिणीला म्हणाल्या, "तिचं नाव लिव्ह बाई. सरजा. अन् हे बी लिव्ह, का तिनं वाट पाह्यली."

रोहिणीनं जुनी पाटी काढली. अनंतरावांनी पाण्याचा तांब्या मागितला. सुलाबाई माझ्या खालच्या तोंडाशी बसल्या आणि त्यांनी ओंजळ धरली.

अनंतरावांनी माझ्या वरच्या तोंडात सगळा तांब्या ओतला. पाणी माझ्या अंगातून खळखळत खाली गेलं. सुलाबाई ओंजळ धरून वाट बघत राहिल्या. थेंब पडला नाही. फरशी कोरडी, ओंजळ कोरडी. फक्त माझ्या खालच्या तोंडाशी कोणीतरी घटाघटा पाणी प्याल्याचा आवाज झाला.

"घेतलं गं माय तिनं," सुलाबाई पुटपुटल्या.

सरजाची हाक त्यानंतर आली नाही. किती वर्षांनी माझ्या आत मोकळं वाटलं! पण ते क्षणभरच. ती बाजूला झाली तशी तिच्या मागची बाई पुढं सरकली आणि तिनं हाक मारली. तिच्याही मागं कोणीतरी उभं आहे. ती सगळी वस्ती माझ्या आत अजून उन्हात आहे.

म्हणून सांगते, मला बघायला याल तेव्हा फोटो काढून परत जाऊ नका. तुमच्या घरात जे दडवलंय ते आधी इथं सांगा, मग तांब्या उचला. त्याशिवाय त्या तुमचं पाणी घेणार नाहीत. आणि जरा लवकर या. रांग लांब आहे.