पायऱ्यांवर गप्प बसणारे चाक

मी एक जुने मोजणीचे चाक आहे, मित्रांनो. वर लांब दांडा, खाली रबरी धाव आणि आसाजवळ आकड्यांची छोटी डबी. दांडा धरून मला रस्त्यावरून ढकलले की डबीतले आकडे टकटक करत पुढे सरकतात आणि अंतर किती झाले ते कळते. सध्या मी नगरपालिकेच्या अडगळीत एका मोडक्या खुर्चीला टेकून उभे आहे. उभे कसले, नुसती तगमग चालली आहे. जन्मतःच ज्याच्या पायाला भिंगरी, त्याला कोपऱ्यात ठेवणे ही शिक्षाच की!

एका फिटरने मला घडवले. त्याने पहिल्यांदा फरशीवर सोडले, तर मी त्याच्या हातून सुटून चार हात पुढे गेले आणि आडवे पडले. "हे काही स्वस्थ बसायचं नाही," असे म्हणत त्याने हसून मला उचलले. पुढे मी इंजिनिअरसाहेबांच्या हाती आले. गटारे, नळाच्या लाइनी, शाळांची कुंपणे, सगळे मी मोजले. साहेब मला भिंगरीच म्हणत. "माणूस खोटं बोलेल, आमची भिंगरी नाही बोलणार," असे ते चारचौघांत सांगत, आणि मी फुगून जाई. मला एकाच गोष्टीचा राग होता. वाटेत कुणी थांबले की माझा जीव कासावीस व्हायचा.

मग नव्या दवाखान्याचे काम निघाले. आमच्या गावाच्या मधून ट्रकांचा मोठा रस्ता जातो. रस्त्याच्या वरच्या अंगाला बंगले, खालच्या अंगाला दाटीची वस्ती. जुना दवाखाना वस्तीत, एका गळक्या भाड्याच्या खोलीत होता. तो बंद करून रस्त्यापलीकडे, बंगल्यांच्या बाजूला नवी इमारत बांधायची असे ठरत होते. वस्तीतल्या लोकांनी पादचारी पुलावरून जायचे. साहेबांनी मला घेऊन दोन्हीकडून नव्या जागेपर्यंतचे अंतर मोजले. जवळजवळ सारखेच भरले. साहेब खूश झाले. "दोघांना सारखं. कुणी बोटच ठेवू शकणार नाही," ते म्हणाले.

पण आराखड्यावर सही होण्यापूर्वी एक तपासणी व्हायची होती. या बांधकामाने लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल, कुणाचे बरे होईल आणि कुणाचे हाल, हे आधीच पाहायचे. ते काम जुन्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे आले. त्या थेट साहेबांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमची भिंगरी द्या जरा."

"अहो, मोजून झालंय सगळं. परत मोजलं म्हणून रस्ता आखडणार आहे का?"

"रस्ता नाही बघायचा मला. चालणारी माणसं बघायचीत."

नर्सबाईंनी माझा दांडा इस्त्रीवाल्या काकूंच्या हाती दिला. काकूंना जुना दमा. महिन्यातून दोनदा तरी त्यांना दवाखाना गाठावाच लागे. "माझ्या सासूनेसुद्धा मला एवढं पळवलं नव्हतं," असे कुरकुरत त्या निघाल्या. सायकलच्या दुकानाशी थांबल्या. नळाशी थांबल्या. भिंतीला हात लावून थांबल्या. मी आतल्या आत चडफडत होते. चला ना हो काकू! आणि प्रत्येक थांब्यावर नर्सबाई वाकून खडूने एक गोल काढत होत्या. मला वाटले, बाईंना दुसरा उद्योग नाही.

आम्ही पुलाशी आलो. काकूंनी मला काखेत मारले आणि त्या पायऱ्या चढू लागल्या. अर्ध्यावर त्या मटकन खाली बसल्या. छातीचा भाता झाला होता, ओठ काळसर पडले होते. खालून ट्रक धूर ओकत जात होते. नर्सबाईंनी त्यांची पाठ चोळली. जरा श्वास परतल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिले.

"बाई, ही मेली सगळ्या रस्त्याने टकटक करत आली. इथे का गप्प?"

नर्सबाईंनी डबी पाहिली. आकडे पुलाच्या पायथ्याशी होते तिथेच होते. मित्रांनो, पायऱ्यांवर मी चालतच नाही. मला उचलावे लागते, आणि उचलले की मी मुके. म्हणजे साहेबांनी मोजले तेव्हाही तो सबंध चढ आणि उतार माझ्या हिशेबात आलाच नव्हता. जिथे काकूंचा जीव जात होता, तिथे माझ्या लेखी काहीच घडत नव्हते. माझी सगळी ऐट तिथे उतरली.

त्या आठवड्यात माझा दांडा दिवस भरलेल्या बाईने धरला, हृदयाचा त्रास असलेल्या ड्रायव्हरने धरला, कडेवर मूल असलेल्या आईने धरला. पुलाच्या पायऱ्या खडूच्या गोलांनी पांढऱ्या झाल्या. शेवटी नर्सबाईंनी साहेबांना तिथे बोलावले. साहेब एकेक गोल पाहत पायऱ्या चढून आले. मग म्हणाले, "मी खांद्यावर टाकून चढलो होतो हिला. लक्षातच आलं नाही माझ्या."

बैठकीत ते स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, "माझं मोजमाप अपुरं आहे. दवाखाना खालच्या बाजूला हवा." आरडाओरडा झाला. बंगल्यातले एक काका तावातावाने म्हणाले, "म्हणजे आता आम्ही लांब जायचं?"

"काका, तुमच्या दारात गाडी आहे," नर्सबाई म्हणाल्या. "गाडीला धाप लागत नाही."

खूप वादावादी झाली. पण गाड्या लावण्यासाठी राखलेला वस्तीकडचा तुकडा दवाखान्याला मिळाला. पलीकडून पायी येणाऱ्यांसाठी रस्त्यावर सिग्नल आला.

इमारत उभी राहून दवाखाना सुरू झाल्यावर कुंपण मोजायला मला तिथे नेले होते. सकाळी धुके आणि धूर एक झाले होते. तेवढ्यात काकू आल्या, एकट्या, छातीवर हात ठेवून. शब्द फुटत नव्हता. दाराशी त्या कोसळल्याच, पण दाराच्या आतल्या बाजूला. नर्सबाईंनी लगेच तोंडाला वाफेचा मास्क लावला. हळूहळू काकूंचे खांदे खाली आले. त्या दिवशी वाटेत पूल असता तर? हा विचार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

आता नर्सबाई निवृत्त झाल्या, साहेबही गेले. मोजणी संगणकाच्या पडद्यावर होते, बसल्या जागी. भाजीबाजार गावाबाहेर हलवणार आहेत, असे कालच भिंतीपलीकडून ऐकू आले. "अंतर काही फार नाही," कुणीतरी म्हणाले. कुणाला फार नाही? मी इथे तडफडते आहे आणि माझा दांडा धरायला कुणी नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, गावांचे नकाशे काढाल. मला पुसून ठेवा, माझ्या आसाला तेल द्या, एवढेच मी मागत नाही. मोजायला निघाल तेव्हा दांडा सगळ्यात दमणाऱ्या माणसाच्या हाती द्या. आणि तो वाटेत थांबला, तर माझ्यासारखे चिडू नका. तो का थांबला, ते विचारा.