पान चौदा

"तो घरघर आवाज कसला येतोय?" श्रीनिवासने विचारलं.

"कुठला? अच्छा, हीटर." पडद्यावरच्या जोआनने मान मागे वळवली. कॅनडातल्या तिच्या डोंगराळ गावात संध्याकाळचे सहा वाजले होते; इकडे सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात सकाळचे नऊ. "गॅसचा आहे. तो बंद केला तर इथे बोटं चालायची नाहीत."

"आणि दार?"

"दार? बाहेर उणे अठ्ठावीस आहे!"

श्रीनिवासने वहीत लिहिलं: हीटर चालू, दार बंद.

श्रीनिवास टिळेकर अकरा वर्षं ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं हेच काम करत होता. बर्फ त्याने फ्रीजरबाहेर कधी पाहिला नव्हता, पण बर्फावर पळणाऱ्या टर्बोवाल्या स्नोमोबाइलचं दुखणं तो सिंगापूरच्या घामात बसून ओळखायचा. त्याची कंपनी एक गेज बनवायची. इंजिनात हवा किती, इंधन किती, ते हा गेज धुरात बसवलेल्या सेन्सरवरून सांगतो. जोआनचा गेज दोन महिने 'इंधन जास्त' म्हणत होता. श्रीनिवासने दोनदा नवा सेन्सर पाठवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गेजवर विश्वास ठेवून जोआन इंधन कमी करत गेली, आणि गेल्या रविवारी डोंगरात पिस्टनला भोक पडलं. तिचा भाऊ मदत आणायला सात तास बर्फातून चालला. त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

"सेन्सर लावण्याआधी शून्यावर आणलात, तो या शेडमध्येच?"

"हो. तुमच्या पुस्तकात तसंच आहे की. पान चौदा." तिने पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. "इंजिन बंद करा, सेन्सर हवेत धरा, जिथे उभे आहात तिथे चालेल."

पान चौदा श्रीनिवासनेच लिहिलं होतं. सिंगापूरच्याच क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटमध्ये बसून, कॉरिडॉरकडची खिडकी सताड उघडी टाकून. शेजारच्या आंटीने लसूण परतला की त्याच्या घरात शिंका सुरू व्हायच्या. घरातली हवा आणि बाहेरची हवा वेगळी असू शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बंद शेडमध्ये हीटर प्राणवायू खातो, आणि बिचारा सेन्सर त्या उष्ट्या हवेलाच शुद्ध हवा समजून बसतो. मग पुढचा प्रत्येक आकडा खोटा; थोडं जास्त इंधनही त्याला खूपच जास्त दिसतं.

त्याने जुन्या तक्रारी काढल्या. अशाच एकेचाळीस होत्या, सगळ्या हिवाळ्यातल्या. स्नोमोबाइल हिवाळ्यातच चालते, म्हणून कुणाला कधी वावगं वाटलं नाही. त्याला तर नाहीच नाही.

दुपारी मॅनेजर शैलेंद्र त्याच्या टेबलाशी आला. वयाने बारा वर्षांनी लहान, पण माणूस वाईट नव्हता.

"श्रीनिवास, रिपोर्टमध्ये काय टाकताय?"

"पान चौदा चुकलंय. मी लिहिलेलं."

"अहो, हीटर पेटवून कॅलिब्रेट करतं का कुणी? युझर एरर टाका. नवीन पुस्तकात गुपचूप एक ओळ वाढवू." त्याने आवाज खाली आणला. "तीन आठवड्यांनी तुमचा इथला वर्क पास रिन्यूअलला जातोय. सही वरून यायची आहे. तुमच्या मुलीची, अवनीची, ए-लेव्हलची परीक्षा याच वर्षी ना?"

"याच वर्षी."

"मग? उगाच आपल्याच पायावर धोंडा कशाला?"

श्रीनिवास फॉर्मकडे बघत बसला. भीती वाटत होती, साधी भीती. त्रेपन्नाव्या वर्षी पुण्यात नोकरी कोण देणार? पण युझर एरर लिहिलं तर बाकीच्या चाळीस जणांना कुणी कळवणार नव्हतं. ते आपापल्या बंद शेडमधून डोंगराकडे निघणार होते, त्यांच्याबरोबर कुणाचे तरी भाऊ असणार होते. 'कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'आमच्या सूचनेतली चूक.' खाली नाव घातलं आणि एकेचाळीस पत्रं पाठवली.

पास रिन्यू झाला नाही. कंपनीने पत्रात 'पुनर्रचना' असा गोड शब्द वापरला होता. शैलेंद्रने तीन दिवस नजर टाळली आणि चौथ्या दिवशी सगळ्यांदेखत मिठी मारली.

"बाबा, जस्ट राइट युझर एरर कॅन ऑलरेडी, व्हॉट," अवनी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. तेवढं लिहून भागलं असतं, असं तिचं म्हणणं. "नाऊ हाऊ?" ती रडली नाही. वह्या घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी त्याची बायको सुलेखा हॉलमध्ये सामानाची यादी करत बसली होती. फ्रीज विकायचा, मिक्सर न्यायचा, देव हॅन्डबॅगेत. स्वयंपाकघरातून काहीच आवाज येईना, म्हणून ती यादी हातात घेऊनच उठून गेली.

श्रीनिवास फ्रीजरमध्ये मनगटापर्यंत हात घालून उभा होता. मुठीत जुना सेन्सर, डोळे घड्याळावर.

"श्री! काय चाललंय हे?"

"नवीन पान चौदा. शेवटचं तेवढं करून द्यायचंय." त्याचे दात कडकडले. "सेन्सर बाहेर नेऊन धरा, हे लिहायला सोपं गं. पण उघड्या हाताने माणूस किती वेळ धरू शकतो, ते नको का कळायला? आणि तिकडे तर याहून थंड."

"कंपनीने सांगितलंय?"

"नाही."

तिला त्याचा राग आला, आणि पोटात तुटलंही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. शेवटी त्याने हात बाहेर काढला. बोटं पांढरी पडली होती आणि मूठ उघडत नव्हती. सुलेखाने ती आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि एकेक बोट सोडवलं.

"दीड मिनिट," तो म्हणाला. "त्यापुढे जमत नाही. हातमोजे घालायला सांगितलं पाहिजे. लिहून घे."

तिने ओट्यावर टाकलेली यादी पुढे ओढली आणि 'फ्रीज विकायचा' या ओळीखाली लिहून घेतलं.