मैनाताईची जीप आणि सपाट मैदान

अगो थांबा गो, मधेमधे बोलू नका. माझा धागा तुटला की मग तुम्हीच म्हणाल, आवडी अर्धवट सांगते. पहिल्यापासून सांगते. आणि हसायचं असेल तर माझ्या बोटाला हसू नका, हे बघा, अजून फोड हाय.

तर आमची मैनाताई. माझ्या कुशाबा मामांची थोरली. तुम्ही बघितलीय तिला, पाचाडला माझ्यासोबत आली होती ती, उंच, मोठ्यानं हसणारी. तिनं नवऱ्याकडं परत जायचं नाय हे कधीच सांगून टाकलंय. पण मग वाडीत करायचं काय? शेणगोठा तिला जमतो, पण तिचा जीव हाय मामांच्या जीपमधे. मामा मिलिट्रीत ड्रायव्हर होते ना, रिटायर झाल्यावर लिलावातली जुनी जीप घेऊन आले, आणि पोराला शिकवायची तर पोरगा रामजीदादा मुंबईला, म्हणून पोरीला शिकवली. आता मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. चालवणार कोण? रामजीदादाची गिरणी संपात बंद, म्हणून पैशासाठी तो तिकडून सांगतो, जीप इकून टाका. वरंधचे महिपतराव घ्यायला तयारच होते. मामा मैनाताईला म्हणाले, "बघ गो, मंगळवारी महाडला आर.टी.ओ. साहेबांचा कॅम्प हाय. पास झालीस, लायसन मिळालं, तर गाडी तुझी. नापास झालीस तर बुधवारी महिपतराव येऊन घेऊन जातील. मी शब्द दिलाय त्यांना."

म्हणजे कळलं ना? मंगळवार गेला की जीप गेली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, नायतर पुढचं कळायचं नाय. आमची वाडी आंबेनळीच्या वाटेवर. तिथं सपाट जागा हाय कुठं? एकतर चढ नायतर उतार. म्हणून गाडी लावायची ती उताराकडं तोंड करून, चाकाखाली धोंडा. निघताना धोंडा काढायचा, गाडी घरंगळायला लागली की गिअरात टाकून क्लच सोडायचा, की भुर्रकन चालू. सेल्फ मारायचाच नाय. मामांचा नियमच तो. म्हणायचे, "उतार हाय तर बॅटरीला कशाला तरास?" पोलादपूरला बाजारात आलो तरी मामा आधी उतार शोधणार, मग गाडी लावणार. आम्हाला वाटायचं जगात सगळेच असं करतात.

मंगळवारी सकाळी निघालो. मैनाताई चालवतेय, बाजूला मामा, मागं मी. का म्हणजे? मी नको का बघायला! आणि जीप कशी दिसत होती माहितीय? मामांनी महिनाभर खपून रंगवली होती. हिरवीगार, अशी चकाकणारी. डोळ्यांना धड दिसत नाय तरी हातानं चाचपून चाचपून सगळे नटबोल्ट खोलले, खालपर्यंत घासली, रंगवली, परत आवळली. पोरीची परीक्षा हाय तर गाडी परेडसारखी पायजे, म्हणाले. इकायची झाली तरी चांगली दिसेल, हे पण मनात असणार, पण ते बोलले नायत.

महाडला मैदानात पोचलो. साहेब टेबल टाकून बसलेले, बारीक, चष्मा, हातात पेन. साहेब म्हणाले, "इंजिन बंद करा आणि नंबर येईपर्यंत थांबा." ताईनं केलं बंद. आणि मी बघतेय तर मैदान कसं? परातीसारखं सपाट! मला तेव्हा काय नाय वाटलं. मामांना पण नाय. ताईला वाटलं असेल, ती जरा इकडंतिकडं बघत होती.

ताईचा नंबर आला. सगळी माणसं गोळा. बाई गाडी चालवणार म्हणजे बघायलाच पायजे ना! ताईनं पदर खोचला, बसली, सेल्फ दाबला. कट्. आणि नुसतं उंऽऽ, म्हशीसारखं. परत दाबला. कट्. उंऽऽ. बंद.

झालं! सगळे सुरू झाले. एक म्हणतो बॅटरी उतरली. दुसरा म्हणतो, उतरली नाय, मेली, नवी टाका. तिसरा म्हणतो, "बाई, चूल पेटवायची तर राकेल लागतं, तसं हिला बॅटरी लागते!" आणि फिदीफिदी हसतोय. मामांचा चेहरा एवढासा. तेच म्हणाले, "मैने, बॅटरी जुनीच हाय गो. लिलावात आली तीच. मी बदलायला पायजे होती."

चारपाच जणं पुढं झाले, चला ढकलतो म्हणून. साहेब म्हणाले, "नाही. गाडी उमेदवारानं स्वतः चालू करायची. ढकलून चालू केलेल्या गाडीवर मी परीक्षा घेत नाही. उद्या रस्त्यात बंद पडली तर कोणाला बोलावणार त्या?" आवाज काय चढवला नाय. मग म्हणाले, "अजून काही जण बाकी आहेत. त्यांचं होईपर्यंत चालू झाली तर घेईन. नाहीतर पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात! तोवर जीप वरंधला!

मला रडायला येत होतं. आणि मैनाताई काय करते? हॉर्न वाजवते. खरंच! बोटानं दाबून धरला, असा भोंगा वाजला की टेबलाशी बसलेला शिपाई उठून उभा राहिला. मामा म्हणाले, "आता हॉर्न काय वाजवतेस, लग्नाची वरात हाय का?" ती म्हणाली, "बाबा, मेलेली बॅटरी असं ओरडते का? जरा थांबा. आवडे, घोंगडी आण."

मागच्या सीटवर मामांची घोंगडी होती. ती मला म्हणाली पुढच्या लाइटवर घोंगडी धर आणि डोकं आत घाल. ऊन एवढं, लाइट लागलीय का ते दिसायचं नाय ना! म्हणून मी शहाण्या पोरीसारखी भर मैदानात घोंगडीत डोकं घालून बसले. लोकांना वाटलं फोटो काढतेय. आतून मी बघतेय, लाइट लख्ख. ताई ओरडली, "मी आता सेल्फ दाबते, लाइट मंद होते का सांग!" कट्. उंऽऽ. मी ओरडले, "नाय गो! हाय तशीच हाय!"

"हलली पण नाय?"

"नाय!"

ताई खाली उतरली, म्हणाली, "बॅटरीत जोर नसता तर सेल्फ दाबल्याबरोबर लाइट मान टाकते. बाबा, तुम्हीच शिकवलंय ना? बॅटरीला नाव ठेवू नका."

मैदानाला लागूनच सयाजीभाऊंचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. मामांचे ओळखीचे. मामांनी जय भीम घातला आणि म्हणाले, "सयाजी, पोरीचा दिवस हाय, काहीतरी कर." सयाजीभाऊ मोठे चांगले हो. म्हणाले, "मैना, तुझं बरोबर असेल, पण बॅटरी लई फसवते. लाइटीला पुरते आणि सेल्फला पुरत नाय, असंपण होतं. वाद कशाला, माझी लावून बघू." आणि दुकानातली भरलेली बॅटरी स्वतः खांद्यावर घालून आणली. जुनी काढली, टोकं घासली, त्यांची लावली. मी मनात म्हटलं, आता होणार. ताईनं दाबलं.

कट्. उंऽऽ.

सयाजीभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, "मग बॅटरी नाय. सेल्फची मोटर गेली. उतरवून खोलायला पायजे. आज नाय होणार, पोरी."

आणि तिकडं साहेबांकडं शेवटून दुसरा माणूस खुंट्यांमधून स्कूटरवर आठचा आकडा काढत होता. मामा जाऊन दगडावर बसले. म्हणाले, "जाऊ दे मैने. महिपतराव माणूस चांगला हाय. गाडी नीट ठेवील." तेव्हा, अगो, मैनाताईचे डोळे भरले. भरले म्हणजे असे डबडबले. पण लगेच पदरानं पुसले आणि बोलली, "एकदा अजून. आवडे, तू चोक ओढून धर. मी दाबून ठेवते, जरा जास्त वेळ."

मी चोकची तार धरली. दांडी नाय हो, मला वाटलं तारच ओढायची, म्हणून मी इंजिनाकडं उभी राहून बोनेटखालची ती तारच धरली. ताईनं सेल्फ दाबला आणि दाबूनच ठेवला. उंऽऽऽऽ. आणि मी अशी किंचाळले! तार तापली होती! तव्यासारखी! चर्र झालं बोट! सयाजीभाऊ धावले, मामा उठले, मी बोट तोंडात घालून नाचतेय आणि मैनाताई काय करते माहितीय का?

ती हसायला लागली!

मला इतका राग आला. मी म्हटलं, "माझं बोट भाजलं आणि तू हसतेस?" तर ती गाडीतून उडी मारून आली, माझं बोट हातात घेतलं, फुंकर घातली आणि म्हणते कशी, "आवडे, तुझं बोट नाय भाजलं गो, माझी गाडी सापडली!" मग सयाजीभाऊंना म्हणाली, "भाऊ, चोकच्या तारेतून वीज जायचं काय काम हाय?"

सयाजीभाऊ ओरडले, "आयला. अर्थिंग!"

मला काय कळेना. ताईनं नंतर सांगितलं. बॅटरीतून वीज सेल्फकडं जाते ना, तिला परत बॅटरीकडं यायला पण वाट लागते. ती वाट म्हणजे एक तांब्याची पट्टी असते, वेणीसारखी विणलेली, इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत. लाइटीचं काम सांगाड्यावरच भागतं, म्हणून लाइट लख्ख. पण सेल्फ इंजिनावर बसलेला. ती पट्टी बंद असली की वीज दुसरी वाट शोधते, आणि तिला सापडली बिचारी चोकची बारकी तार. एवढा लोंढा तेवढ्याशा तारेतून. तापणार नाय तर काय?

पण हे तिनं नंतर सांगितलं. तेव्हा ती सरळ लुगड्यासकट गाडीखाली शिरली. पायच दिसत होते. लोकं हसायची थांबली. आणि खालून आवाज आला, "बाबा, पट्टीखाली पण रंग लावलात?"

मामा हळूच म्हणाले, "गंज धरेल म्हणून. दोन हात दिले."

कळलं का तुम्हाला? मामांनी पट्टी खोलली, खालची जागा छान रंगवली, वर पट्टी परत आवळली. रंगातून वीज जाते का? नाय! म्हणजे महिनाभर सेल्फ बंदच होता, पण कोण सेल्फ मारतंय? आम्ही रोज धोंडा काढतोय आणि घरंगळत निघतोय! सपाटीवर आलो तेव्हा कळलं.

मामांचं तोंड असं झालं की मला बघवेना. एवढ्या मायेनं रंगवलेली गाडी. ताई खालून म्हणाली, "बाबा, रंग झकास बसलाय. खरडायला जीव होत नाय. भाऊ, कानस द्या!" सयाजीभाऊंनी कानस दिली. नुसता खर्र खर्र आवाज. हिरव्या रंगाचे कपचे खाली पडतायत. मधेच ती ओरडली, "लोखंड दिसलं!" मग पाना मागितला, बोल्ट आवळला. तिकडं शेवटचा माणूस पण संपला होता. साहेब कागद गोळा करत होते. मी पळत गेले, बोट तोंडातच, आणि म्हटलं, "साहेब, एक मिंट! एकच!" साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हाला काय झालं?" मी म्हटलं, "वीज लागली, पण चालेल!"

ते आले चालत. ताई गाडीखालून निघाली. केसात हिरवा रंग, गालावर काळं, लुगड्याला माती. त्यांच्यासमोरच बसली, सेल्फ दाबला.

घर्रर्र, आणि चालू! अशी चालू की एका टिचकीत! मैदानातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मघा राकेल म्हणाला तो सगळ्यात मोठ्यानं. सयाजीभाऊंनी गाडी बंद करायला लावली, आपली बॅटरी काढली आणि मामांची जुनीच परत लावली. म्हणाले, "आता हिच्यावर दाखव." तिच्यावर पण चालू! लिलावातली म्हातारी बॅटरी!

साहेब बाजूला बसले. बसताना विचारलं, "बॅटरी नवीन घेतली?" ताई म्हणाली, "नाय साहेब, बॅटरीला काय झालंच नव्हतं." साहेब म्हणाले, "मग काय झालं होतं?" आणि ती आठचा आकडा काढता काढता त्यांना सांगतेय! रिव्हर्स घेता घेता सांगतेय! लांबून आम्हाला ऐकू येत नव्हतं, नुसता तिचा एक हात हलताना दिसायचा, आणि साहेब म्हणत असतील, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, कारण हात परत जायचा आणि परत निघायचा. मामा मला विचारतायत, "आवडे, कशी चालवतेय? खुंट्यांना लागली का?" मी म्हटलं, "नाय मामा, कुठंच लागली नाय." ते म्हणाले, "नीट बघ गो." मी म्हटलं, "नीटच बघतेय."

गाडी थांबली. साहेब उतरले, मामांकडं आले. मामा सवयीनं ताठ उभे, सॅल्यूट मारायचा तेवढा राहिला. साहेब म्हणाले, "मुलगी पास आहे. फक्त बोलते फार."

आणि बुधवारी काय झालं ते तर ऐका! महिपतराव सकाळच्या एस.टी.नं वरंधवरून आले, पोलादपूरला उतरून चालत वाडीवर चढले, घामाघूम. अंगणात जीपच नाय. मामा म्हणाले, "बसा, च्या घ्या. मैना वाडीतल्या काशीबाईंना दवाखान्यात सोडायला गेलीय, येईल." महिपतराव म्हणाले, "म्हणजे पास झाली?" मामा म्हणाले, "झाली." ते म्हणाले, "मग मी आलो कशाला एवढा?" तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. ताई आली, गाडी उताराकडं तोंड करून लावली, महिपतरावांना बघितलं आणि धोंडा लावायच्या आधीच म्हणाली, "काका, वरंधला जायचं ना? या बसा पुढं, खाली स्टँडपर्यंत सोडते."

बसले हो! गाडी घ्यायला आलेला माणूस तिच्याच गाडीत बसून खाली गेला. जाताना मामांना म्हणतोय, "कुशाबा, रंग मात्र चांगला दिलाय."