बक्षीस चढाईचे, गुडघा मैनाचा

ज्या वस्तूचे काम केवळ दाबून धरण्याचे आहे, तिने तोंड उघडू नये असा संकेत असावा. तो मी आज मोडते, कारण मला भीती वाटते. मित्रांनो, मी एक जुनी नी-कॅप आहे. सुती आणि रबरी धाग्यांची विणलेली, दोन्ही टोकांना उघडी अशी मी एक नळी. कबड्डी खेळणाऱ्यांच्या गुडघ्यावर मला चढवतात.

एका लहानशा कारखान्यातील यंत्रावर मी विणली गेले. पेणच्या बाजारातून तिथल्याच एका महाविद्यालयाच्या जिमखान्याने मला विकत घेतले आणि माझ्या काठावर न पुसणाऱ्या शाईने महाविद्यालयाचे नाव घातले. गणवेश महाविद्यालयाचा, काचेच्या कपाटातील ढाली महाविद्यालयाच्या, तशी मीही महाविद्यालयाची. माझ्या आत असे तो गुडघा तेवढा मैना म्हात्रे हिचा होता.

मैना खाडीकाठच्या गावातली. तिची आई काशीबाई मिठागरात कामाला जाई आणि हंगामात मैनाही तिच्याबरोबर मिठाच्या टोपल्या वाही. चिखलाच्या अरुंद बांधावरून डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाचा तोल गुडघ्यात असतो. तोच तोल मैना कबड्डीच्या मैदानात घेऊन आली होती. चढाईला गेली की ती एका पायावर अशी फिरे की पकडायला आलेले हात हवेतच राहत.

मी काय करू शकते आणि काय नाही, हे इथे स्पष्ट करते. मी ऊब देते, खरचटण्यापासून वाचवते आणि त्वचेला दाबाची जाणीव देते. त्या जाणिवेमुळे गुडघा कुणीतरी घट्ट धरला आहे असे वाटते. हाडांना हाडांशी जखडणारे बंध मात्र खोल असतात. तिथवर माझी पकड पोचत नाही. ही साधी गोष्ट कुणी विचारात घेतली नाही. मी पहिल्यांदा मैनाच्या पायावर चढले त्या दिवशी संघ जिंकला, आणि कार्यकारणाचा एवढा पुरावा लोकांना पुरला. सुशील नावाच्या विद्यार्थ्याने मला गावदेवीपुढे नारळाशेजारी ठेवून हळदकुंकू लावून घेतले. माझ्या धाग्यांचा ताण त्यामुळे वाढला नाही. लोकांचा विश्वास मात्र वाढला.

सुशील स्वतः कधी खेळला नाही. तो प्रेक्षकांचा कप्तान होता. सामना नागोठण्याला असो वा रोह्याला, तो टेम्पो ठरवी, ढोल मिळवी आणि घसा बसेपर्यंत मैनाचे नाव घेई. अशी पन्नास-साठ मुले होती. त्यांचे प्रेम खरे होते, हे मी नाकारत नाही.

आपल्याकडच्या सामन्यांत एक रीत आहे. चढाई रंगली की एखादा प्रेक्षक उठून मंचाकडे जातो, नोट देतो, आणि खेळाडूच्या नावाने बक्षीस ध्वनिक्षेपकावर पुकारले जाते. मैनाच्या नावाने ते वारंवार पुकारले जाई आणि दर वेळी जिमखान्याच्या निधीत जाई. ती विद्यार्थिनी होती, आणि विद्यार्थी खेळाडू हौशी असतो, असा नियम होता.

सुशीलने हा प्रश्न जिमखान्याच्या बैठकीत मांडला. सराव संपताच मैनाला तिथे बोलावले गेले, म्हणून मीही होते. सुशीलचे म्हणणे असे की जिच्यामुळे लोक मैदानावर येतात तिच्या हाती काहीतरी पडले पाहिजे. प्राचार्यांनी शांतपणे उत्तर दिले की पैसा घेतला की खेळाडू मजूर होतो, आणि महाविद्यालय मजूर ठेवत नाही. संघाची कप्तान अपेक्षा हिने तिसरीच अडचण काढली. बक्षीस चढाईला मिळते. घोटा धरून धुळीत लोळणाऱ्या पकडपटूला कोण देतो? तिचा प्रश्न योग्य होता. अखेरीस क्रीडा शिक्षकांनी मैनाला समजावले की तिने आज मागू नये. रोह्याच्या अंतिम सामन्याला एका कंपनीच्या संघाचे निवडकर्ते येणार आहेत, खेळ दिसला तर खेळाडू म्हणून नोकरीच मिळेल.

घरी हे ऐकून काशीबाई म्हणाली, "मजुरीत काय वाईट हाय गो? मजुराला सांजच्याला कळतं तरी, आपलं काय झालं ते."

रोह्याच्या आधीच्या आठवड्यात सरावात ते घडले. मैना वळली, तिचे पाऊल मातीत रुतून राहिले आणि वरचे शरीर फिरले. माझ्या आत मांडीचे हाड नडगीच्या हाडावरून सरकले आणि परत जागेवर आले. बाहेर आवाज झाला नाही. मी तो आतून ऐकला, ओली दोरी तुटावी तसा. ती उठली, हसली आणि खेळत राहिली. थोड्याच वेळात सूज माझ्या धाग्यांना आतून रेटू लागली. मित्रांनो, तो दाब आजही माझ्या विणीत आहे.

डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला आणि सांगितले की आतला बंध फाटल्यासारखा वाटतो. खात्री करायला मुंबईला जावे लागेल. तोवर धावणे, वळणे बंद. पुन्हा मुरगळला तर हा पाय ओझे पेलणार नाही. मैनाने ते सगळे ऐकले आणि कुणाला सांगितले नाही. खेळू नये तर नोकरीची संधी जाणार, खेळावे तर कदाचित पायच जाणार आणि त्याबरोबर मिठागरही. आईला पाय आखडलाय एवढेच म्हणाली. काशीबाईने तिच्या पायाकडे पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा सामन्याला येते म्हणाली.

रोह्याचे मैदान माणसांनी गच्च भरले होते. नदीपलीकडच्या अष्टमी गावातूनही लोक पुलावरून येत होते. सुशीलच्या टेम्पोत पुढे बसून काशीबाई आली होती. मैनाने मला वर ओढले तेव्हा सूज इतकी होती की माझी वीण ताणून पांढरी पडली. क्रीडा शिक्षकांनी विचारले, गुडघा कसा आहे? ती म्हणाली, नी-कॅप आहे ना सर. सरांचे समाधान झाले. मला तेव्हा ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

पहिल्या डावात तिने तीन चढाया केल्या, त्याही सरळ रेषेत, न वळता. दुसऱ्या डावाच्या शेवटी गुण समान झाले. शेवटची चढाई पेणची होती. मैना मध्यरेषेकडे निघाली आणि दुसऱ्याच पावलाला आतले हाड पुन्हा सरकले. या वेळी ते लगेच जागेवर आले नाही. ती मांडी दाबून थांबली, ते बसल्यावर परत वळली आणि आपल्या बाजूच्या अंगणात खाली बसली. पंचांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला.

मंचावरच्या निवेदकाला एवढ्या दुरून गुडघा दिसत नव्हता. त्याला बसलेली मैना दिसत होती, आणि तिला उठवण्याची एकच रीत त्याला माहीत होती. अष्टमीच्या एका व्यापाऱ्याने मैनाच्या पुढच्या चढाईसाठी बक्षीस लावल्याचे त्याने पुकारले. लोक गरजले. दुसरे नाव आले, तिसरे आले, आकडा चढत गेला. मग ध्वनिक्षेपकावर सुशीलचा बसलेला आवाज आला. त्याने मुलांकडून टोपीत पैसे गोळा केले होते. हे जिमखान्याचे नाहीत, तो म्हणाला, थेट मैनाच्या हातात देणार. फक्त एक चढाई.

तिने उठण्यासाठी हात जमिनीला टेकला. मी रबर आणि सूत. मी काहीच करू शकत नव्हते. हजारो माणसे तिच्यावर प्रेम करत होती आणि त्या प्रेमाचा सगळा भार एका फाटलेल्या बंधावर येणार होता.

तेवढ्यात काशीबाई दोरीखालून वाकून मैदानाच्या कडेला आली. ती ओरडली नाही. लेकीच्या पायाकडे पाहून एवढेच म्हणाली, "काढ ते. बघू दे त्यांना."

मैनाने मला ओढून काढले. गुडघा नारळाएवढा होता, कातडी ताणून चकाकत होती. दोरीजवळच्या माणसांचा गलबला थांबला. सुशील टोपी घेऊन धावत आला आणि तिथेच खिळला. मैनाने त्याला विचारले, "हे बक्षीस चढाईचं का गुडघ्याचं?"

त्याने हातातल्या टोपीकडे पाहिले.

"चढाईचं आसंल तं अपेक्षाला दे, ती जाते. गुडघ्याचं आसंल तं मी बसले तरी दे."

मंचावरून आकडा अजून वाढतच होता.

अपेक्षा चढाईला गेली आणि पकडली गेली. पेण हरले. टेम्पोत ढोल वाजला नाही. काही मुलांनी मैनाने ऐन वेळी दगा दिला असे म्हटले, आणि ते तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. निवडकर्ते आले होते की नाही, हे कुणीच खात्रीने सांगू शकले नाही. व्यापाऱ्याचे बक्षीस मिळाले नाही. चढाई झालीच नव्हती, तेव्हा त्याचे वागणे तर्काला धरून होते.

काही दिवसांनी सुशील मैनाच्या घरी आला. त्याने टोपीतले पैसे काशीबाईपुढे ठेवले. काशीबाईने ते उचलले नाहीत. म्हणाली, "चढाई झाली नाय. मग हे कसलं रं?"

तो म्हणाला, "गुडघ्याचं, मावशे."

मग तिने ते घेतले. त्या पैशांत मुंबईचे जाणे-येणे आणि तपासणी झाली. शस्त्रक्रिया त्यात बसली नाही. मैना चालते. टोपली उचलते का, हे मला कळायला मार्ग नाही, कारण मी महाविद्यालयाची मालमत्ता असल्याने मला धुऊन परत करण्यात आले.

आता मी ऋतुजा नावाच्या मुलीच्या पायावर असते. तिचा गुडघा निरोगी आहे. माझे रबर सैल पडले आहे, तरी रोह्याला गेलेली नी-कॅप म्हणून मला मान आहे. कपाटात नवी ढाल आली आहे. बक्षिसे अजून निधीत जातात आणि त्यावरचा वाद समितीकडे आहे. ऋतुजा वळते तेव्हा प्रत्येक वेळी मी आतल्या आवाजाची वाट पाहते. तो आलाच तर तो माझ्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही.

म्हणून, मित्रांनो, एवढेच मागते. खेळाडूला द्यायचे ते द्या. तो घाम गाळतो, त्याला हक्क आहे. त्याच्या शरीराची काळजी मात्र जिंकण्याआधी घ्या, आणि ती माझ्यासारख्या कापडाच्या नळीवर सोपवू नका. आणि मैदानात कुणी आपणहून खाली बसले, तर त्याला उठवायला बोली लावू नका. जवळ जा, आणि गुडघा पाहा.