न उडालेला बार

नवरा गेल्यावर तीन महिन्यांनी घरातल्या धाकट्या सुनेने त्याची शिकारीची जुनी रायफल चादरीत गुंडाळून बंदूक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात आणली.

"परवाना परत करायचाय," ती म्हणाली. "पण रिकामी आहे हे दाखवल्याशिवाय कचेरीतले हात लावत नाहीत. आणि काडतूस भरायचा बोल्ट तर जागचा हलत नाही."

मिस्त्रींनी आधी नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे वळवलं. मग नळीत पितळी गज सोडला. तो बोल्टपर्यंत पोचायला हवा होता. चार बोटं अलीकडेच अडला.

"ताई, आत काडतूस आहे. किती वर्षांचं?"

"एकतीस."

मग तिने सांगितलं. दोघे भाऊ शिकारीला गेले होते. जखमी रानडुक्कर थोरल्या भावाच्या अंगावर आलं. धाकटा वीस पावलांवर रायफल रोखून उभा होता, पण बार झालाच नाही. थोरला जागीच गेला. "मी चाप ओढला होता," असं धाकट्याने घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्याची वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं! हातपाय गळाले म्हणा ना, भावजी." त्यानंतर तिने दिराच्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

"मग तेव्हाच उघडून का नाही पाहिली?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, 'ओढला असं वाटतं गं. पण काडतूस कोरं, खुणेशिवाय निघालं तर?' पुन्हा विषय काढला नाही."

मिस्त्रींनी गज बाहेर काढला. म्हणाले, "आठवडा लागेल."

आत जिवंत काडतूस, त्यामुळे आच दाखवायची सोय नव्हती, की हातोडा घालायची. ते रोज सांध्यांत तेलाचे थेंब सोडत आणि थांबत. दस्त्याखालचे स्क्रू गंजून एकजीव झाले होते. घाई केली तर स्क्रूच्या डोक्यावरची खाच जाणार, आणि खाच गेली की सगळंच मुसळ केरात. त्यांनी एक पेचकस घासून घासून त्या खाचेत चपखल बसेल असा केला. चौथ्या दिवशी पहिला स्क्रू कुरकुरत अर्धा वेढा फिरला. सहाव्या दिवशी लाकडी हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी बोल्टची मूठ तांदळाच्या दाण्याएवढी वर सरकली. तिथेच थांबून त्यांनी धाकटीला फोन केला.

ती एकटी आली नाही. मागोमाग काठी टेकत थोरली जाऊ आत शिरली. "मला डोळ्यांनी बघायचंय," एवढंच म्हणाली.

मिस्त्रींनी दोघींना आपल्या मागे, भिंतीशी उभं केलं. आणखी चार टिचक्या. मूठ उठली. बोल्ट कण्हल्यासारखा मागे आला आणि त्याच्याबरोबर हिरवट पडलेलं काडतूस बाहेर आलं. त्यांनी त्याचा बुडखा अलगद फडक्याने पुसला आणि भिंग पुढे केलं. बुडख्यावरच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या बरोबर मध्ये एक बारीक खड्डा होता.

"ही आतल्या सुईची खूण. चाप ओढला होता. काडतूसच फुसकं निघालं."

"गंजाने नसेल पडला खड्डा?" थोरलीने विचारलं.

"गंज इतका नेम धरत नाही, मावशी."

थोरली स्टुलावर बसली.

"मला बोल काहीतरी," ती जावेला म्हणाली. "शिव्या दे."

"कुठल्या तोंडाने देऊ, ताई?" धाकटी म्हणाली. "एकतीस वर्षं रायफल माझ्याच कपाटात होती. मीही उघडून घेतली नाही. मलाही भीती होतीच ना, कोरं निघेल म्हणून."

थोरलीने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. मिस्त्री पाठ फिरवून हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून थोरलीने एकेका नातेवाइकाला फोन लावला. "भावजींनी चाप ओढला होता. मी खोटं बोलले होते," असं ती प्रत्येकाला सांगायची. कुणी म्हणे, "जाऊ दे, जुनी गोष्ट झाली."

"तुमच्यासाठी जुनी," ती म्हणायची, आणि पुढचा नंबर लावायची.