ईस्टरच्या चुन्याखालची पावलं

ईस्टर जवळ आला, की आमच्या क्रुस्तेश्तीत जे काही एका जागी उभं राहील त्याला चुना फासला जातो. झाडांचे बुंधे, विजेचे खांब, विहिरीचा कठडा, गटाराचे दगड. एका वर्षी म्हातारा पांतेलिमोन बाकावर डुलकी काढायला बसला आणि पांढरे बूट घालून घरी गेला. बायको म्हणाली, "चला, निदान खालून तरी स्वच्छ झालात."

रुमानियातल्या सगळ्याच खेड्यांत हे चालतं, पण आमच्याकडे त्यात वेतुरियामावशीचा हात कुणी धरू शकत नाही. तिच्या चुन्यात मीठ असतं, थोडी नीळ असते आणि शेजारणीच्या चुन्याबद्दल चार शब्द असतात.

त्या वर्षी मावशीला घाई जास्त होती. नवरा गेलेला, एकुलती एक लेक इलिंका इटलीत दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईची सेवा करायला. मावशीने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी रंगवून ठेवल्या होत्या. लेकीने फोनवर शब्दच दिला होता, "आई, त्या खोल्या भरायला लागल्या ना, की मी पहिल्या बसने परत."

खोल्या भरणार होत्या त्या गावामागच्या कड्यामुळे. इथे कधीकाळी समुद्राचा चिखलाळ किनारा होता. त्या चिखलावरून पक्षी चालले, चिखल वाळला, दगड झाला, आणि पुढे जमिनीने तो उचलून भिंतीसारखा उभा केला. तीन बोटांची पावलं, लाटांच्या वळ्या, पावसाच्या थेंबांचे खड्डेसुद्धा दिसायचे. प्रोफेसर ऑक्टावियन दर उन्हाळ्यात मावशीकडे उतरायचे आणि दिवसभर त्या कड्यापुढे पोटावर पडून राहायचे. प्रेमभंग झालाय, असं गावाचं मत होतं. पण त्यांनीच खटपट करून कड्याला संरक्षित भूवारशाचा दर्जा मिळावा म्हणून समिती आणायची ठरवली. नेमकी ईस्टरच्या आधीच्या सोमवारी. त्यांनी मावशीला फोन केला, "फार काही करू नका. फक्त जागा स्वच्छ ठेवा."

आता, ईस्टरच्या तोंडावर आमच्याकडे 'स्वच्छ' म्हणजे काय, हे कुणाला विचारावं लागत नाही.

सरपंच गेरासिमने शिड्या दिल्या. मावशीने बादल्या कालवल्या. संध्याकाळपर्यंत वरपासून खालपर्यंत सगळा कडा नव्या नवरीसारखा पांढराशुभ्र. एका कोपऱ्यात काटेरी झुडपांची जाळी होती. मावशी म्हणाली, "गेरासिम, ती तेवढी काढ रे, डोळ्यांना खुपते." सरपंचाने कोयता घातला, तर मूठच तुटून हातात आली. "राहू दे मावशी, कोपऱ्यात कोण बघतंय?"

मावशीने कौतुकाने प्रोफेसरांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"वेतुरियाताई, पावलं कुठायत?"

"आहेत की, चुन्याखाली. इतकी वर्षं कुठे गेली नाहीत, आता कुठे जातील?"

प्रोफेसर हळू आवाजात म्हणाले, "आता कुणीही हात लावू नका. ओल्या स्पंजने टिपून टिपून काढू. महिने लागतील, पण निघेल. मी निघतोच."

"महिने? आणि परवा ते पाहुणे येतायत त्यांचं काय?"

"त्यांना मी सांगतो काय ते. तुम्ही फक्त हात लावू नका."

मावशीला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिने सरपंचाला सांगितलं. तो हसला. "प्रोफेसर लोकांना चहा प्यायलासुद्धा महिने लागतात. आपला आगीचा बंब आहे ना! परवाच त्याने माझा गोठा धुतला."

"गोठा वेगळा रे."

"घाण ती घाणच. पाहुण्यांना हे असं दाखवणार तू?"

मावशी कड्याकडे बघत राहिली. तिला दिसत होती ती इलिंकाची बस. "बरं," ती म्हणाली, "पण हळू मारा."

बंबाला हळू येत नव्हतं. पहिल्याच फवाऱ्याने आशीर्वाद द्यायला आलेले पाद्रीबाबा चिंब झाले, दुसऱ्यात सरपंचाची टोपी ओढ्यात गेली. गाव पोट धरून हसलं. चुना खरंच भराभर निघाला. टाळ्या पडल्या.

मग दगड वाळला. कवच सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. मऊ वाळूचा दगड तो, चुना प्यायला होता आणि चुन्याबरोबर त्याची कातडीही सुटली होती. पायथ्याशी ओल्या वाळूचा ढीग पडला होता. पक्षी त्या ढिगात होते.

प्रोफेसर आले, ढिगापाशी बसले, मूठभर वाळू हातात घेतली.

"रागवा तरी," मावशी म्हणाली.

"कुणावर? तुम्ही ज्याच्यावर माया करता त्याला चुना लावता, हे मला माहीत होतं. तरी मी शहरातल्यासारखं 'स्वच्छ ठेवा' म्हणालो."

सरपंच पुढे झाला. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या कोंबड्या आहेत. कड्याला सिमेंट फासू आणि ते ओलं असताना त्यांना वरून चालवू. कुणाला कळणार?"

"गेरासिम," मावशी म्हणाली, "गप्प बस."

प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "घर पडलं तर परत बांधता येतं. चर्चमधलं चित्र उडालं तर चितारी आणता येतो. पण तो चिखल आता परत ओला होणार नाही, ताई. एकदाच झाला होता."

मावशी कोपऱ्यातल्या जाळीशी गेली आणि उघड्या हातांनी काटे बाजूला केले. मागे, दगडावर, पावलं होती. थोडीशीच. एक पक्षी कुठून तरी आला होता आणि सोललेल्या दगडाच्या कडेशी नाहीसा झाला होता. मावशीच्या कोपरापर्यंत रक्ताचे ओरखडे आले होते.

"आपला हात पोचला नाही," ती म्हणाली, "तेवढंच वाचलं."

समिती आली, गोड पाव खाऊन गेली, दर्जा मिळाला नाही. इलिंका ईस्टरला आली आणि परत गेली. मावशी बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभी होती.

मंडळी, आपण सगळेच या गावचे. डोंगर, कडे, दगड यांना सजवायला आपले हात शिवशिवतात. तेल, रंग, दिवे, कठडे. जपणं म्हणजे सजवणं नव्हे. कधी कधी जपणं म्हणजे हात मागे घेणं, आणि ज्याला कळतं त्याने 'थांबा' म्हटलं की थांबणं.

मावशी आजही ईस्टरला चुना लावते. पण कड्याकडे वळणाऱ्या वाटेवर आली, की बादली उपडी घालून त्यावर बसते आणि कुणाला ब्रश घेऊन पुढे जाऊ देत नाही. कधी एखादा प्रवासी येतो, जाळीमागची पावलं बघतो, विचारतो, "बाकीची पावसाने गेली का?"

"नाही," मावशी सांगते, "मी धुतली."

गेल्या वर्षी सरपंच रंगीत दिव्यांची माळ घेऊन आला होता. तेवढीच पावलं उरलीत, जरा उठून दिसतील, म्हणाला. मावशी बादलीवरून उठलीसुद्धा नाही.

"कड्याला काही लागत नाही रे, गेरासिम," ती म्हणाली. "लागतं ते आपल्याला."